स्वामी कुवलयानंद

स्वामी कुवलयानंद (पूर्वाश्रमीचे नाव: जगन्नाथ गणेश गुणे, ३० ऑगस्ट, १८८३ – १८ एप्रिल, १९६६) हे योगाचे शास्त्रीय पद्धतीने संशोधन करणारे आद्य संशोधक, शारीरिक शिक्षणतज्ज्ञ आणि लोणावळा येथील कैवल्यधाम या संस्थेचे संस्थापक होते. योगसंशोधक म्हणून त्यांची कीर्ती सर्वत्र आहे. त्या मानाने त्यांच्या कार्याची दुसरी बाजू कमी परिचित आहे. शाळेच्या मैदानावर मुलांना व्यायाम शिकवणारी व्यक्ती शरीरशास्त्र जाणणारी, प्रशिक्षित आणि जबाबदार असली पाहिजे, या विचाराला मुंबई प्रांतात संस्थात्मक रूप देण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

जन्म व शिक्षण

जगन्नाथ गुणे यांचा जन्म तत्कालीन बडोदे संस्थानातील डभोई या गावी एका मराठी कुटुंबात झाला. वडील गणेश लक्ष्मण गुणे हे शिक्षक होते. आईचे नाव सरस्वतीबाई. घरची परिस्थिती बेताची असल्यामुळे शिक्षणासाठी त्यांना काही काळ इतरांच्या साहाय्यावर अवलंबून राहावे लागले. १९०३ मध्ये ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि संस्कृतातील प्रावीण्यासाठी दिली जाणारी मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. पुढे बडोदा महाविद्यालयात शिकून १९१० मध्ये ते पदवीधर झाले.

विद्यार्थिदशेत त्यांच्या मनावर दोन व्यक्तींचा प्रभाव पडला. एक म्हणजे बडोदा महाविद्यालयात अध्यापक असलेले अरविंद घोष आणि दुसरे लोकमान्य टिळक. आजन्म ब्रह्मचर्य पाळून देशसेवा करण्याचा निश्चय त्यांनी याच काळात केला. देशातील सामान्य माणूस शरीराने दुर्बळ आणि शिक्षणाने वंचित आहे आणि त्याला सबळ केल्यावाचून स्वराज्याची चळवळ तळापर्यंत पोहोचणार नाही, अशी त्यांची धारणा बनली.

माणिकरावांच्या व्यायामशाळेत

१९०७ ते १९१० या काळात गुणे यांनी बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्याकडे भारतीय व्यायामपद्धतीचे शिक्षण घेतले. माणिकराव हे जुम्मादादा या उस्तादांचे शिष्य होते. जोर, बैठका, कुस्ती, मलखांब, लाठी, बनेटी, लेझीम, फरीगदगा अशा देशी व्यायामप्रकारांत ते निष्णात होतेच, शिवाय निखळलेले सांधे व मोडलेली हाडे बसवण्यातही त्यांचा हातखंडा होता.

माणिकरावांचे आणखी एक महत्त्वाचे काम म्हणजे आखाड्यातील व्यायामाला त्यांनी दिलेले सांघिक रूप. आखाड्यात वस्ताद एकेका शागिर्दाला घडवतो. शाळेत मात्र एका शिक्षकासमोर चाळीस-पन्नास मुले उभी असतात. त्या सर्वांना एका वेळी व्यायाम देता यावा म्हणून माणिकरावांनी देशी व्यायामप्रकारांची टप्प्याटप्प्याने मांडणी केली आणि इंग्रजी हुकमांच्या जागी देशी भाषेतील हुकूम रूढ केले. मुलाचे शरीर ओळखणारा, दुखापत झाली तर ती हाताळता येणारा आणि समूहाला शिस्तीने चालवणारा शिक्षक कसा असतो, हे गुणे यांनी या व्यायामशाळेत प्रत्यक्ष पाहिले. पुढे योगाचे संशोधक म्हणून नावलौकिक मिळाल्यावरही देशी व्यायामपद्धतीचा पुरस्कार त्यांनी कधी सोडला नाही.

अमळनेर

पदवी मिळवल्यानंतर गुणे यांनी अध्यापनाचा पेशा पत्करला. खानदेशातील अमळनेर येथे खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शिक्षणकार्यात ते सहभागी झाले. १९१६ मध्ये ते तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. राष्ट्रीय वृत्तीमुळे ही संस्था ब्रिटिश सरकारच्या रोषास पात्र ठरली आणि पुढे बंद पडली. १९२३ पर्यंत त्यांनी विद्यार्थ्यांना भारतीय संस्कृतीचे अध्यापन केले.

अमळनेरच्या या वर्षांनी त्यांना शाळेचे वेळापत्रक, वर्ग, परीक्षा आणि शिक्षकाची रोजची अडचण यांचा जवळून परिचय करून दिला. त्यांनी नंतर शारीरिक शिक्षणाविषयी जे काम केले, त्यामागे योगसाधनेइतकाच हा शालेय अनुभवही होता.

माधवदासजी आणि प्रयोगांचा आरंभ

१९१९ मध्ये बडोद्याजवळ नर्मदाकाठी मालसर येथे गुणे यांची परमहंस माधवदासजी या मूळच्या बंगाली योग्याशी भेट झाली. माधवदासजींच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी योगसाधना केली. साधनेतून येणारे अनुभव त्यांना खरे वाटत होते, परंतु शरीरात नेमके काय घडते याचे पारंपरिक स्पष्टीकरण त्यांना पुरेसे वाटत नव्हते. ते तपासून पाहण्याचा मार्ग म्हणून ते आधुनिक शरीरक्रियाशास्त्राकडे वळले.

बडोद्याच्या रुग्णालयात आपल्या काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांचा क्ष-किरणांद्वारे अभ्यास केला. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, हे त्यांनी दाबमापकाच्या साहाय्याने दाखवले आणि या निर्वात स्थितीला गुरूंच्या स्मरणार्थ माधवदास निर्वात असे नाव दिले. योगक्रियांचा प्रयोगशाळेत केलेल्या अभ्यासाच्या आद्य उदाहरणांत या प्रयोगांची गणना होते.

कैवल्यधामाची स्थापना

१९२४ मध्ये मुंबई-पुणे मार्गावरील लोणावळा येथे त्यांनी कैवल्यधाम या संस्थेची स्थापना केली. त्याच वर्षी योगमीमांसा हे त्रैमासिक सुरू झाले. या नियतकालिकात प्रयोगांचे अहवाल, आसनांची सचित्र वर्णने आणि योगग्रंथांचे विवेचन असा मजकूर एकत्र प्रसिद्ध होत असे.

कुवलयानंदांच्या संशोधनातील एक विशेष म्हणजे गैरसोयीचा निष्कर्षही ते प्रसिद्ध करीत. प्राणायामामुळे शरीराला पुष्कळ अधिक प्राणवायू मिळतो, ही समजूत त्या काळी सर्वत्र होती आणि आजही पुष्कळ ठिकाणी आहे. उच्छ्वासातील वायूंचे मापन केल्यावर ही समजूत त्या स्वरूपात टिकत नाही, असे त्यांना आढळले आणि त्यांनी ते तसे मांडले. प्राणायामाचे महत्त्व त्यांनी अन्य कारणांत शोधले.

संस्थेकडे देशी-परदेशी अभ्यासक येऊ लागले. येल विद्यापीठाशी संबंधित कोवूर बेहानन यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी येथे राहून योगाभ्यास केला आणि १९३७ मध्ये योगाच्या शास्त्रीय मूल्यमापनावर इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. अमेरिकेतील शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापिका जोसेफिन रॅथबोन यांनी १९३७-३८ मध्ये कैवल्यधामाला भेट दिली. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी आपल्या प्रकृतीबाबत कुवलयानंदांचा सल्ला घेतला होता आणि त्यांच्यात पत्रव्यवहारही झाला. मुंबईत योगोपचाराचे केंद्र १९३२ मध्ये सुरू झाले. ते १९३६ पासून मरीन ड्राइव्हवरील वास्तूत ईश्वरदास चुनीलाल योगिक आरोग्य केंद्र या नावाने चालू लागले.

शाळांतील शारीरिक शिक्षणाची तत्कालीन स्थिती

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत शाळांतील व्यायाम म्हणजे बहुधा कवायत असे. ती घेण्यासाठी अनेक ठिकाणी सैन्यातून निवृत्त झालेले शिपाई नेमले जात. त्यांना रांग धरणे, पाऊल मिळवणे आणि हुकूम पाळून घेणे उत्तम येई. परंतु वाढत्या वयाच्या मुलाच्या हृदयावर, सांध्यांवर किंवा मनावर कोणत्या व्यायामाचा काय परिणाम होतो, याचे शिक्षण त्यांना मिळालेले नसे. सशक्त आणि अशक्त, दहा वर्षांचा आणि सोळा वर्षांचा अशा सर्व मुलांना एकच व्यायाम दिला जाई. शाळेच्या शिक्षकवर्गातही कवायत घेणाऱ्याचे स्थान खालचे असे. दुसरीकडे आखाड्यांत अनुभवी वस्ताद होते, पण त्यांचे ज्ञान व्यक्तिगत परंपरेने चालत आलेले होते आणि ते शिक्षणखात्याच्या चौकटीत बसणारे नव्हते.

व्यायामशिक्षकांच्या पद्धतशीर प्रशिक्षणाचा आरंभ देशात काही ठिकाणी झाला होता. हॅरी बक या अमेरिकन शिक्षकाने १९२० मध्ये मद्रास येथे वायएमसीएचे शारीरिक शिक्षण विद्यालय सुरू केले होते. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय पथकाबरोबर हेच बक होते. मुंबई प्रांतात मात्र सरकारी पातळीवर अशी व्यवस्था नव्हती.

शारीरिक शिक्षण समित्या व कांदिवलीची संस्था

१९२७ पासून मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणविषयक समितीच्या कामात कुवलयानंद सहभागी झाले. १९३७ मध्ये बाळ गंगाधर खेर यांचे मंत्रिमंडळ सत्तेवर आल्यानंतर या प्रश्नाला गती मिळाली. सरकारने नेमलेल्या शारीरिक शिक्षण समितीचे अध्यक्षपद कुवलयानंदांकडे आले. पुढे १९४५-४६ मधील समितीचेही ते अध्यक्ष होते.

व्यायामाचा तास वेळापत्रकात घालणे सोपे होते. तो तास घेणारा योग्य माणूस कोठून आणायचा, हा खरा प्रश्न होता. या प्रश्नाला मिळालेले ठोस उत्तर म्हणजे १९३८ मध्ये मुंबईजवळ कांदिवली येथे सुरू झालेली शारीरिक शिक्षण प्रशिक्षण संस्था होय. पी. एम. जोसेफ हे तिचे पहिले प्राचार्य होते. या संस्थेमुळे व्यायामशिक्षक हा प्रशिक्षण घेऊन, परीक्षा देऊन शाळेत येणारा शिक्षक ठरू लागला. येथून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी पुढे महाराष्ट्र, गुजरात आणि कर्नाटक या तिन्ही भागांतील शाळांत काम केले, कारण त्या काळचा मुंबई प्रांत या तिन्ही प्रदेशांत पसरलेला होता.

कांदिवलीच्या अनुभवाचा उपयोग पुढे राष्ट्रीय पातळीवर झाला. केंद्र सरकारने १९५७ मध्ये ग्वाल्हेर येथे लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले, तेव्हा त्याचे पहिले प्राचार्यपद जोसेफ यांच्याकडेच सोपवण्यात आले. खेळांचे प्रशिक्षक घडवण्यासाठी पतियाळा येथे राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली. व्यायामशिक्षक आणि क्रीडा प्रशिक्षक यांच्या प्रशिक्षणाच्या वाटा तेथून काहीशा वेगळ्या झाल्या. मात्र शिकवणाऱ्याने आधी स्वतः शिकले पाहिजे, हे तत्त्व दोन्हींत समान राहिले.

यौगिक संघ व्यायाम

१९३६ मध्ये कुवलयानंदांचे यौगिक संघ व्यायाम हे पुस्तक प्रसिद्ध झाले. शाळांत एका वेळी अनेक मुलांकडून करून घेता येईल असा, हुकूम आणि गणती यांवर आधारलेला व्यायामक्रम त्यात दिला आहे. माणिकरावांकडून मिळालेली सांघिक व्यायामाची पद्धत आणि माधवदासजींकडून मिळालेला योग, या दोन्ही प्रवाहांचा संगम या पुस्तकात दिसतो. त्यापूर्वी १९३३ च्या सुमारास संयुक्त प्रांतातील (आजचा उत्तर प्रदेश) शिक्षणव्यवस्थेतही त्यांच्या यौगिक व्यायामाचा स्वीकार झाला होता.

या प्रयोगात एक मूलभूत अडचण होती. आसन सावकाश, श्वासाकडे लक्ष ठेवून आणि ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणे करायचे असते, तर सांघिक व्यायामात सर्वांनी एकाच तालावर चालायचे असते. ताल धरण्याच्या नादात मूल आपल्या शक्तीपलीकडे शरीर ताणण्याचा धोका असतो. म्हणूनच संघ व्यायामासाठी साध्या व सुरक्षित हालचाली निवडणे आणि कठीण आसने व प्राणायाम देखरेखीखालील वैयक्तिक साधनेसाठी ठेवणे आवश्यक ठरते. ही निवड करण्याइतके ज्ञान शिक्षकापाशी नसेल, तर उत्तम पुस्तकही निरुपयोगी ठरते.

शिक्षकाच्या जबाबदारीविषयीची दृष्टी

कुवलयानंदांच्या आसन आणि प्राणायाम या पुस्तकांत शिकवणाऱ्याने कोणती दक्षता घ्यावी याचे वारंवार विवेचन आढळते. त्यातील काही सूत्रे अशी:

श्रेणीनुसार अभ्यासक्रम – सर्वांसाठी एकच क्रम न देता त्यांनी पूर्ण, संक्षिप्त आणि सुलभ असे तीन क्रम मांडले. प्रकृतीप्रमाणे क्रम निवडणे हे मार्गदर्शकाचे पहिले काम होय.

निषेध सांगणे – एखाद्या आसनाचे लाभ सांगताना ते कोणी करू नये हेही ते सांगत. कान वाहणे, डोळ्यांतील रक्तवाहिन्या दुर्बळ असणे, हृदय अशक्त असणे किंवा रक्तदाब प्रमाणाबाहेर असणे अशा स्थितीत शीर्षासनासारखी आसने आपल्या मनाने करू नयेत, असा त्यांचा इशारा होता.

अतिश्रम टाळणे – व्यायामानंतर थकवा येऊन अंग गळून न जाता शरीर ताजेतवाने वाटले पाहिजे, हा योगाभ्यासाचा निकष त्यांनी मानला. जोरकस व्यायाम आणि योगाभ्यास यांच्यामध्ये किमान वीस मिनिटांचे अंतर ठेवावे, असे त्यांनी सुचवले.

पडताळणी – परंपरेने चालत आले म्हणून किंवा आधुनिक म्हणून कोणतीही गोष्ट स्वीकारू नये. ती तपासावी आणि जे सिद्ध झाले नाही त्याचा दावा करू नये.

ही सूत्रे योगशिक्षकांसाठी सांगितलेली असली, तरी ती कोणत्याही क्रीडा प्रशिक्षकाला लागू पडतात. धावपटूला, मल्लाला किंवा कबड्डीपटूला तयार करणाऱ्या प्रशिक्षकालाही खेळाडूची प्रकृती, वय, जुनी दुखापत आणि विश्रांतीची गरज ओळखावी लागते. स्पर्धा जिंकण्याच्या घाईत या गोष्टींकडे दुर्लक्ष झाले, तर त्याची किंमत खेळाडूला आयुष्यभर मोजावी लागते.

वऱ्हाडातील समांतर कार्य

कुवलयानंदांचे शासकीय कार्य मुंबई प्रांतापुरते होते. वऱ्हाड त्या काळी मध्य प्रांत व वऱ्हाड या वेगळ्या प्रांतात होता. आज वाशीम जिल्ह्यात असलेले वाशीम, रिसोड, मालेगाव, कारंजा हे भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात मोडत होते. त्यामुळे कांदिवलीच्या संस्थेचा थेट लाभ या भागाला स्वातंत्र्यपूर्व काळात सहजपणे मिळणारा नव्हता. येथे हेच कार्य लोकाश्रयावर उभे राहिले. अमरावती येथे वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेतून श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ विकसित झाले. उन्हाळी सुट्टीतील वर्गांद्वारे मंडळाने ठिकठिकाणच्या तरुणांना व शिक्षकांना व्यायामशिक्षणाचे प्रशिक्षण दिले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची व खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. मंडळाचे शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय १९६७ मध्ये सुरू झाले.

पुण्यात महाराष्ट्रीय मंडळ ही संस्था १९२४ पासून, म्हणजे कैवल्यधामाच्या स्थापनेच्याच वर्षापासून, शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रात कार्यरत आहे. या संस्थांच्या पद्धती वेगवेगळ्या होत्या. देशी व्यायामाला आधुनिक शिक्षणात मानाचे स्थान मिळावे आणि ते देण्यासाठी जाणकार शिक्षक तयार व्हावेत, हे त्यांचे समान उद्दिष्ट होते.

उत्तरायुष्य

स्वातंत्र्यानंतर कुवलयानंदांनी कैवल्यधामाच्या शैक्षणिक कार्याचा विस्तार केला. १९५०-५१ च्या सुमारास लोणावळा येथे गोवर्धनदास सेक्सरिया योग व सांस्कृतिक समन्वय महाविद्यालय सुरू झाले. योगाचे शिक्षण केवळ गुरुशिष्यपरंपरेवर न सोडता महाविद्यालयीन अभ्यासक्रमाच्या रूपाने देण्याच्या देशातील आरंभीच्या प्रयत्नांत त्याचा समावेश होतो. ग्रंथांचा अभ्यास, शरीरशास्त्र आणि प्रत्यक्ष साधना या तिन्ही अंगांनी योगशिक्षक तयार व्हावा, ही त्यामागील कल्पना होती. १९६० च्या दशकाच्या आरंभी संस्थेचे योगोपचार रुग्णालयही सुरू झाले.

डॉ. श. ल. विनेकर यांच्यासह त्यांनी लिहिलेला योगोपचारावरील इंग्रजी ग्रंथ भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. योगग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या तयार करण्याचे कामही त्यांच्या प्रेरणेने संस्थेत सुरू होते आणि ते त्यांच्या पश्चात चालू राहिले. १८ एप्रिल, १९६६ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर कैवल्यधामाची धुरा त्यांचे शिष्य स्वामी दिगंबरजी यांनी सांभाळली.

मूल्यमापन

कुवलयानंदांच्या आरंभीच्या प्रयोगांना आजच्या संशोधनाच्या कसोट्या लावल्यास त्यांच्या मर्यादा दिसतात. प्रयोगात भाग घेणाऱ्यांची संख्या थोडी होती आणि उपलब्ध उपकरणे साधी होती. सांघिक यौगिक व्यायामात योगाचे मूळ स्वरूप कितपत टिकते, हा प्रश्नही अभ्यासकांनी उपस्थित केला आहे. तथापि मोजमाप करून बोलण्याची आणि आपल्याच परंपरेतील समजुती तपासण्याची जी सवय त्यांनी लावली, तिचे मोल या मर्यादांमुळे उणे होत नाही.

शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रात त्यांनी आखाडा, योगसाधना, प्रयोगशाळा आणि शिक्षणखाते या चार वेगळ्या जगांना जोडले. वस्तादाचा अनुभव, साधकाचा संयम, संशोधकाची चिकित्सा आणि शिक्षकाची बांधिलकी हे गुण एकाच व्यक्तीत यावेत, ही व्यायामशिक्षकाकडून त्यांची अपेक्षा होती. ती पूर्णपणे साध्य झाली असे म्हणता येत नाही. अनेक शाळांत आजही खेळाचा तास अन्य विषयांसाठी वापरला जातो आणि प्रशिक्षित शिक्षकाची जागा रिकामी राहते. त्यामुळे मुलांच्या शरीराची जबाबदारी कोणाच्या हाती द्यायची, हा १९३० च्या दशकात त्यांच्यापुढे असलेला प्रश्न अद्याप जुना झालेला नाही.